न भरणारा कोळसा

त्याला सगळे कोळशा म्हणत. रंगाने तो चांगला उजळ होता हो, पण रंगखान्याच्या बॉयलरमध्ये जळण घालता घालता त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. संध्याकाळी घरी निघाला की भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत काजळी. "नुसते दात दिसतात तुझे. हसू नकोस बाबा, पोरं घाबरतील," असं त्याची थोरली बहीण म्हणायची. मग तो मुद्दाम आणखी हसायचा.

ही बहीण म्हणजे त्याची ताई. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईचा चेहरा काही त्याला आठवत नाही, ताईचे ओले हात आठवतात. ताई धोबीण. लोकांचे कपडे धुऊन तिने भावाला वाढवलं, शहाणं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी धुण्याचे दगड ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येकीचा दगड ठरलेला. ताईचा सगळ्यांत वरचा, म्हणजे वाहतं पाणी पहिल्यांदा तिच्या हाताला लागणार. तो मान तिने कामाने मिळवला होता, आणि त्या दगडावर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे.

ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगखाना. त्याचा मालक पिवळ्या. आता एवढ्या मोठ्या माणसाला पिवळ्या कोण म्हणतं? एक कोळशा म्हणायचा, आणि तोही चारचौघांत नाही. लहानपणी हा मालकाचा पोरगा पिवळ्या रंगाच्या हौदात पडला होता आणि बॉयलरवाल्याच्या पोराने, म्हणजे कोळशाने, त्याला केसाला धरून ओढून बाहेर काढलं होतं. मग कितीतरी दिवस तो गळ्यापर्यंत पिवळाधमक. तेव्हापासून हे नाव, आणि तेव्हापासून ही दोस्ती. पुढे एकाच्या वाट्याला गादी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला फावडं, पण दुपारचा चहा दोघे एकत्रच घेत. कोळशाला त्याचं केवढं अप्रूप!

तर झालं असं, की ओढा रंगू लागला. पूर्वीही थोडा रंगायचा, पण पूर्वी काम कमी होतं. आता मागणी वाढली तसा सकाळी निळा, दुपारी किरमिजी, संध्याकाळी विचारूच नका. पांढरी चादर धुवायला घेतली की आकाशी होऊन वर यायची. वसतिगृहाच्या चादरी, दवाखान्याचे अभ्रे, सगळ्यांच्या तक्रारी. बायका पेटल्या. "आता कचेरीत जायचं आणि हा रंगखाना बंदच पाडायचा," असं घाटावर ठरलं. सगळ्यांत मोठा आवाज ताईचा.

कोळशाची मात्र पंचाईत. इकडे आड तिकडे विहीर. खालच्या अंगाला बहीण आणि वरच्या अंगाला दोस्त, शिवाय पोटापाण्याची नोकरी. रात्र रात्र तळमळण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. काहीतरी हाताने करून बघावं, हा त्याचा स्वभाव.

बॉयलरला शेंगांची टरफलं जाळत. सगळी काही नीट जळत नाहीत. अर्धीमुर्धी जळालेली, काळी आणि हलकी टरफलं राखेबरोबर बाहेर ओढायची आणि मागच्या खड्ड्यात टाकायची, हे त्याचंच काम. एकदा रंगाची बादली नेता नेता कुणाचा तरी पाय घसरला आणि निळंशार पाणी त्या खड्ड्यात गेलं. कोळशाने चार शिव्या हासडल्या. थोड्या वेळाने बघतो तर खड्ड्याच्या खालच्या फटीतून पाणी झिरपतंय आणि ते पाणी साधं! निळं नाही, काळं नाही, पाण्यासारखं पाणी. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. रंग गेला कुठे?

मग काय विचारता! माणूस झपाटला. टरफलांचा कोळसा धुऊन राख काढून टाकायची, मग कोळसा चाळायचा, वाळवायचा. डब्यात दाबून भरायचा आणि वरून रंगाचं पाणी सोडायचं. नुसत्या टरफलांवर कुठला थांबतोय? सुताराकडून भुसा आणला. चहावाल्याकडून उकळलेला चोथा आणला. संत्र्याच्या साली वाळत घातल्या. बायको म्हणाली, "घर आहे का उकिरडा? उद्या माझ्याही डोक्यावर एखादा डबा ठेवाल." भुशाने थोडा रंग धरला, चोथ्याने धरला पण स्वतःचाच तपकिरी सोडला, साली तर कुजल्या. शेवटी कोळसाच खरा. पाणी मात्र हळूहळू सोडायला हवं. धो धो सोडलं की रंग तसाच निसटून जातो. कोळशाला रंग पकडायला वेळ लागतो, घाई चालत नाही.

त्याच दिवसांत त्याने ताईला एक गाळणीचं मडकं करून दिलं. नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास यायचा, इतका की ताई नाक दाबून पाणी प्यायची. मडक्यात खाली खडे, वर फडकं, त्यावर कोळसा. त्यातून आलेल्या पाण्याला वास म्हणून नाही. ताईने एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाली, "अगंबाई! वास कुठे गेला रे?"

"कोळशाने खाल्ला. रंगसुद्धा खातो आणि औषधाचा वाससुद्धा," तो छाती काढून म्हणाला.

"नावाला जागलास म्हणायचं," ताई म्हणाली, आणि ते मडकं तिने ओट्यावर भांड्यांच्या पुढे मांडलं.

पिवळ्याला दाखवलं तेव्हा तो उडालाच. "अरे, तू तर मला वाचवलंस! दुसऱ्यांदा वाचवलंस!" म्हणत त्याने काजळीसकट कोळशाला मिठी मारली. पांढऱ्या सदऱ्याची वाट लागली, तरी त्याने पर्वा केली नाही. कोळशाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोठमोठी पिंपं आणली, मागच्या आवारात उंच ओट्यावर मांडली, रंगाच्या हौदापासून पिंपांपर्यंत आणि पिंपांपासून ओढ्यापर्यंत नळी टाकली. कोळशाला बॉयलरवरून काढून पिंपांवर नेमलं आणि बसायला पाठीची खुर्ची दिली. "आजपासून तू पाण्याचा मालक," पिवळ्या म्हणाला.

आता उरला घाट. ते काम पिवळ्याने कोळशाकडेच सोपवलं. "माझं कुणी ऐकणार नाही. तू सांग. तुझं ऐकतील."

तो गेला. पांढरा रुमाल पिंपाच्या पाण्यात बुडवून, पिळून बायकांना दाखवला. बायका कुजबुजल्या. कुणाला पटलं, कुणाला नाही. तेव्हा ताई तिच्या दगडावर उभी राहिली. "हा माझा भाऊ आहे. हा खोटं बोलला की कान लाल होतात, लहानपणापासून. बघा, आहेत का लाल? कचेरीत जायचं राहू द्या. काही वेडंवाकडं झालं तर हा दगड मी सोडीन." ताईने एवढं बोलल्यावर कोण काय बोलणार? विषय मिटला.

आणि ओढा खरंच साफ झाला! आधी थोडा फिका, मग अगदी निवळ. बायका कोळशाला आशीर्वाद देऊ लागल्या. तो रोज सकाळी पिंपांतला कोळसा तपासायचा. मूठभर कोळसा पांढऱ्या फडक्यात बांधायचा, त्यावर सोडा घातलेलं कढत पाणी ओतायचं आणि फडकं पिळायचं. कोळशाचं पोट भरलेलं असलं की असा कढत मारा झाल्यावर तो थोडा रंग ओकतो. भरलेला कोळसा काढायचा, नवा घालायचा. त्याचा अंदाज होता की पंधरवड्यातच पिंपं बदलावी लागतील.

पण पंधरवडा गेला, महिना गेला, फडकं आपलं कोरं ते कोरंच! त्याने वरचा थर तपासला, खालचा तपासला. कोळसा भरेचना. आता दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. पण आपला हा भोळासांब! याला वाटलं, आपण भाजलेला कोळसाच असा जबरदस्त. चहावाल्याला सांगितलं, सुताराला सांगितलं, बायकोला इतक्या वेळा सांगितलं की तिने कानांवर हात ठेवले. "रोज सकाळी मी स्वतः तपासतो. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय थेंबसुद्धा ओढ्यात जात नाही." पाहुणे आले की पिवळ्या त्यांना पिंपांपाशी आणायचा, कोळशाच्या खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "सगळं यांचंच डोकं." कोळशा रुमाल बुडवून दाखवायचा.

मग एक दिवस बँडमास्तर घाटावर आला. हातात बँडच्या लाल कोटांचं गाठोडं, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "हे काय केलंस बाई? हे कोट घालून वाजवायचं कसं? लोक नाचतील की हसतील?" कोटांवर ठिकठिकाणी गुलाबी पांढुरके धब्बे, जसं कुणी चाटूनच घेतलंय. आधी ताईला वाटलं, कापडच हलकं. मग शिंपिणीची हिरवी साडी तशीच झाली. मग शाळेचे निळे शर्ट. पांढरे कपडे मात्र एकदम झकास, नव्यासारखे. इतर बायकांचेही तेच, पण सगळ्यांत जास्त ताईचे, कारण तिचा दगड सगळ्यांत वरचा. आणि हात! बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. रात्री नुसती आग आग.

ताईने निरोप धाडून भावाला बोलावलं. तो संध्याकाळी आला तर ती एकटीच दगडावर बसलेली, हात मांडीवर उताणे.

"काय सोडता रे पाण्यात?" तिने विचारलं.

"काही नाही ताई. पाणी बघ की, किती निवळ आहे!"

"ते मलाही दिसतंय. वास घे."

त्याने वाकून ओंजळ भरली आणि नाकाजवळ नेली. वास ओळखीचा. नळाच्या पाण्याला यायचा तोच, पण कितीतरी उग्र. कापड पांढरं करायच्या पावडरीचा. रंगखान्यात गोण्यांनी असते ती.

त्याने पुन्हा हुंगून बघितलं. या पाण्याला वास येणं शक्यच नव्हतं. कोळसा तो वास ठेवतच नाही, त्यानेच तर मडक्यात दाखवलं होतं. पाणी पिंपांतून गेलं असतं तर त्याला वास नसता. म्हणजे हे पाणी त्याच्या पिंपांतून गेलेलंच नव्हतं. आणि म्हणून, हाय रे देवा, म्हणून कोळसा भरत नव्हता! त्याला कुणी खायलाच घातलं नव्हतं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"बघून सांगतो," एवढंच तो म्हणाला आणि तडक वर निघाला.

रंगखाना सुटला होता. वाळवणाच्या जागेमागे, जिथे मोडक्या हातगाड्या टाकतात, तिथे त्याला फारसं शोधावंही लागलं नाही. एवढे दिवस त्या बाजूला तो गेलाच नव्हता, जायचं कारण काय? हौदाच्या बुडाशी जाडजूड पाइप लावलेला. तो एका झाकलेल्या खड्ड्यात उतरत होता आणि तिथून थेट ओढ्यात. खड्ड्याशेजारी पावडरीच्या रिकाम्या गोण्या. त्याच्या पिंपांकडे जायची ती नळी करंगळीएवढी, आणि तिला लावलेली तोटी जेमतेम किलकिली. दाखवण्यापुरती.

पिवळ्या आत दिवा लावून बसला होता. कोळशाला दारात बघून त्याने नेहमीसारखं "ये, ये, चहा सांगू?" म्हटलं.

"मागचा पाइप कधी घातलास?"

पिवळ्याने आढेवेढे घेतले नाहीत. तेवढी तरी लाज ठेवली म्हणायची. "पिंपं बसवली त्याच आठवड्यात."

"त्याच आठवड्यात!"

"मग काय करू? तुझं पाणी थेंब थेंब जातं. माझ्याकडे हौदच्या हौद साठतात. थेंबांवर रंगखाना चालतो का? पावडर टाकली की घटकाभरात रंग उडतो. लोकांना निवळ पाणी हवं होतं, दिलं निवळ."

"अरे, पिंपं वाढवायची होती! मी केली असती. मला सांगायचं तरी होतंस!"

"तुला कसं सांगणार?" पिवळ्या अगदी सहज म्हणाला, जणू समजूत घालतोय. "तुला खोटं बोलता येतं का? तुझे कान लाल होतात. घाटावर बायकांनी ऐकलं ते तुझं तोंड बघून. तुला ठाऊक असतं तर कुणी ऐकलं असतं का?"

कोळशाने आयुष्यभर जो गुण म्हणून मिरवला, त्यावरच या माणसाने दुकान थाटलं होतं. मिठी मारली तीही त्यासाठी, खुर्ची दिली तीही त्यासाठी. केसाने गळा कापला हो, आणि तोही ज्याला केसाला धरून वर ओढला त्याने!

"बंद कर तो पाइप," तो कसाबसा म्हणाला.

"करतो. थोडे दिवस दे. हातातलं काम उरकू दे. तोवर तोंड उघडू नकोस, आपली एवढी जुनी दोस्ती." आणि हा गाढव, काय सांगू तुम्हाला, हा गाढव मान हलवून घरी गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ताईकडे जायला पाय उचलेनात. उद्या जाऊ, पाइप बंद झाला की सांगू, म्हणजे तिला निदान चांगली बातमी तरी देता येईल, असं त्याने स्वतःला समजावलं.

सकाळी तो पिंपांपाशी पोचतो तर आवारात बायकांचा घोळका. बँडमास्तरही गाठोडं घेऊन हजर. पुढे ताई. पिवळ्या पायरीवर उभा होता. कोळशाला बघताच त्याचा चेहरा असा खुलला, जणू वाटच बघत होता.

"हे बघा आले. पाण्याचं सगळं यांच्याकडे आहे. मी रंगाचं बघतो, पाण्यात लक्ष घालत नाही. काय टाकलं, किती टाकलं, यांनाच विचारा."

"मी?" कोळशाचा आवाज चिरकला. "मागे पाइप आहे! मागे जाऊन बघा!"

"रोज स्वतः तपासतो असं तूच सांगत होतास ना?" बायकांतली एक म्हणाली. "तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय थेंब जात नाही म्हणे." दुसरी म्हणाली, "चहावाल्याकडे तर ऐकून ऐकून कान किटले आमचे." शब्दन् शब्द त्याचाच होता.

बँडमास्तर आणि चौघीजणी मागे जाऊन आल्या. पाइप दिसला, गोण्या दिसल्या. पिवळ्याने कपाळाला हात लावला. "अरे, हे कधी केलंस? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!" काय तो अभिनय! कोळशाने त्याच्याकडे बघितलं. त्या तोंडावर लाज नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. कान तर अगदी नेहमीच्या रंगाचे.

"ताई, मला माहीत नव्हतं गं," तो म्हणाला. "खरंच माहीत नव्हतं."

ताई जवळ आली. तिने त्याच्या कानांकडे नाही बघितलं, डोळ्यांत बघितलं. "कधी कळलं?"

"काल. तुझ्याकडून गेलो तेव्हा."

"काल संध्याकाळी कळलं. मग आधी कुणाकडे गेलास?"

त्याने पायरीकडे बघितलं.

"याच्याकडे गेलास," ताई म्हणाली. "माझे हात बघून गेलास आणि याच्याकडे गेलास. आणि रात्रभर मला काही सांगितलं नाहीस."

ती एवढंच बोलली आणि वळून चालू लागली. बायका तिच्यामागे गेल्या, पण तिच्यापासून थोडं अंतर ठेवून.

पाइप निघाला. कचेरीतली माणसं आली, बघून गेली, आणि पिवळ्याने सगळ्यांसमोर कोळशाला कामावरून काढलं म्हणून त्याची उलट वाहवाच झाली. पिंपं अजून आहेत तिथे. खुर्चीवर दुसरा कुणीतरी बसतो. ताईने दिलेला शब्द पाळला. कुणी मागायच्या आत तिने वरचा दगड सोडला. आता ती ओळीच्या शेवटी धुते, जिथे सगळ्यांच्या साबणाचं पाणी येतं. बँडवाल्यांचे कपडे तिच्याकडे येत नाहीत.

कोळशा सुताराच्या वखारीत भुसा भरायला जाऊ लागला. ताईकडे तो बऱ्याचदा गेला. ती हाकलायची नाही, चहा द्यायची, तब्येतीचं विचारायची. पण "नुसते दात दिसतात" असं काही म्हणायची नाही. आता अंगावर काजळी नव्हती हेही खरंच म्हणा.

एका रविवारी तीच त्याच्या दारात आली. हातात ते गाळणीचं मडकं. घासूनपुसून लख्ख केलेलं, आतला कोळसा काढून टाकलेला.

"फुटलं का?" त्याने घाबरून विचारलं. "नवा कोळसा भरून देतो. आत्ता देतो."

"नको." तिने मडकं उंबऱ्यावर ठेवलं. "तू खोटारडा नाहीस, मला ठाऊक आहे. तुझ्याबद्दल कुणी काही बोललं तर मी आजही भांडते. पण हे मला नको."

"अगं, मग नळाच्या पाण्याला वास येईल."

"येऊ दे. वास आला की निदान कळतं तरी, आपण काय पितोय ते."

हाताच्या भेगांवर तिने तेल लावलेलं होतं. ते मडक्याच्या काठाला लागलं होतं, तेवढं तिने पदराने पुसलं आणि ती निघून गेली.